जातो नव्हे, येतो

आमच्या चिरंजिवांनी बंगळुराहून फोन करून मला हुकूम सोडला. "बाबा, आवराआवर आता पुरे. शुक्रवारी सामानाचा ट्रक निघेल, सोमवारी तुमची गाडी. मधला शनिवार-रविवार तुम्ही दोघांनी नुसती मजा करा!"

कोणी 'मजा कर' म्हटल्याबरोबर मजा करता येते ती फक्त लहान मुलांना. साठी उलटलेल्या माणसाला तिची यादी करावी लागते. त्यातून मी जन्मभर बँकेत कारकुनी केलेला गृहस्थ. कॅलेंडराचे मे महिन्याचे पान फाडून त्याच्या पाठीवर मी आकडे घालून लिहून काढले : १. पहाटे कृष्णेच्या घाटावर स्नान. २. गणपतीचे दर्शन. ३. नेहमीच्या दुकानातून भडंग. ४. मित्रमंडळींबरोबर भेळ. ५. हरिपूर. ६. वांग्याचे भरीत. यादी हिला वाचून दाखवली. ही डबे बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "जून महिन्यात कसली आली आहेत चांगली वांगी? कृष्णाकाठचे वांगे खावे ते थंडीत." झाले! सहावे कलम तिथेच बाद झाले.

आम्ही सांगली सोडत होतो त्याचे कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या ध्यानात आले असेल. आमचे घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांवर गेले की धोका, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. २००५ साली पाणी घरात आले, तेव्हा मी भिंतीवर निळ्या रंगाने एक रेघ मारून ठेवली. असा पूर आयुष्यात एकदाच येतो, अशी माझी समजूत होती. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आम्हां दोघांना नावेतून बाहेर काढावे लागले. दुसरी रेघ पहिलीच्या बरीच वर मारली. २०२१ साली पाणी पुन्हा आले आणि दोन्ही रेघांच्या मध्ये तिसरी रेघ बसली. सरस्वतीच्या तसबिरीसाठी कोनाडा असतो, तशी आमच्या घरात पुरासाठी एक भिंतच होती म्हणा ना! तेव्हापासून मुलाचा धोशा चालू होता. अखेर यंदा, पावसाळा लागण्याच्या आत निघायचे, असे मी त्याला कबूल केले.

तर शनिवार उजाडला. पहाटे सरकारी घाटावर गेलो. लहानपणी ज्या पायऱ्या मी तीन उड्यांत उतरत असे, त्या उतरायला आता तीन विश्रांती लागल्या. पाणी गार होते. तीन बुड्या मारल्या, चौथी गुडघ्यांनी नाकारली. पलीकडे दहा-बारा वर्षांची चार पोरे सूर मारत होती. त्यांतला एक मला म्हणाला, "आजोबा, पाय घसरंल, जपून!" आयुष्यभर ज्या घाटावर मी इतरांना हे सांगितले, त्या घाटावर मला हे ऐकावे लागले. गाव सोडण्याची वेळ झाली हे मला तिथे पटले.

तिथून गणपतीला. सांगलीचे संस्थान पटवर्धनांचे, आणि पटवर्धनांचे दैवत गणपती. त्यामुळे आमच्या गावात काहीही करायचे झाले की आधी त्याच्या कानावर घालायचे अशी रीत. मी त्याला म्हटले, "देवा, जातो."

ही शेजारी उभी होती. तिने कोपराने ढोसले. "जातो काय? येतो म्हणा!"

देवापुढे माझी चूक सुधारली गेली. पण दिवसभर तीच चूक मी पुन्हा पुन्हा करीत राहिलो. केशकर्तनालयात सांगितले, "जातो बरं का सोमवारी." भडंगाच्या दुकानात सांगितले. त्या भल्या माणसाने पाव किलो भडंग वर घातले आणि पैसे घेतले नाहीत. ते पाहून मला मोह झाला आणि पुढच्या दोन दुकानांतही मी तीच बातमी जरा रडव्या आवाजात सांगितली. तिथे मात्र काही मिळाले नाही. संध्याकाळी भेळेला सात मित्र येणार होते, त्यांतले चार आले. दोघांची गुडघेदुखी, एकाचे नातवंड आजारी. चौघांत भेळ झाली, पण बोलणे होईना. एरवी तासन्‌तास राजकारणावर भांडणारी आम्ही माणसे, त्या दिवशी एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करीत बसलो. शेवटी एकजण म्हणाला, "अरे, नेहमीसारखे भांडा की! उगीच मयताला आल्यासारखे काय बसलात?" मग आम्ही भांडलो आणि भेळेला चव आली.

रविवारी हरिपूर. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. इथे मला एक कबुली द्यायची आहे. हरिपूरला जाऊन मला आठ वर्षे झाली होती. बंगळूरला राहणारा माझा मुलगा दर खेपेला तिथे जाऊन येतो, आणि मी सांगलीत राहून गेलो नव्हतो! गावात राहणाऱ्या माणसाला गाव पाहायची घाई नसते. ते कुठे पळून जाते आहे, असे त्याला वाटते. पळून आपणच जायचे असतो हे फार उशिरा कळते. वाचकहो, तुमच्याही गावात असे एखादे हरिपूर असेलच. या दिवाळीच्या सुट्टीत तिथे एकदा जाऊन या.

वाटेत रिक्षावाल्याला मी उत्साहाने माहिती देऊ लागलो. "हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. 'संगीत शारदा' लिहिणारे देवल. आणि आपली सांगली म्हणजे, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते गाव!" रिक्षावाला म्हणाला, "व्हय, आमच्या पोरीच्या पुस्तकात हाय." मी गप्प बसलो.

हरिपुरात हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद भरायची आणि वरून तोंड बंद करायचे. इथल्या मातीचा गुण असा, की वर्षानुवर्षे हळद खराब होत नसे. २००५च्या पुरात पाणी शिरून त्यांतली कित्येक पेवे निकामी झाली. एका बुजलेल्या पेवापाशी ही थांबली आणि म्हणाली, "माझ्या माहेरची हळद इथे असायची. बाबा म्हणायचे, पोरीच्या लग्नापर्यंत हिला धक्का लागायचा नाही." आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग संगमेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही घाटावर बसलो. समोर वारणा येऊन कृष्णेला मिळत होती. पावसाआधीच्या दिवसांत दोन्ही नद्या अशा गरीब दिसतात, की यांनी आपल्या घरात येऊन कपाटे उलथवली यावर विश्वास बसू नये. मी खुशीत येऊन म्हटले, "काय, झाली की नाही मजा? यादीतली पाच कलमे पुरी झाली."

ही बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही मला एकदाही विचारले नाहीत."

"काय विचारले नाही?"

"जायचे का म्हणून."

मी आठवून पाहिले. मुलाशी बोललो होतो. डॉक्टरांशी बोललो होतो. घराला गिऱ्हाईक आले होते, त्याच्याशी बोललो होतो. ट्रकवाल्याशी तर भाव करता करता तासभर बोललो होतो. हिला मी फक्त तारीख सांगितली होती. आणि २०१९ साली पाणी उतरल्यावर घरातला वीतभर चिखल खराट्याने काढला होता तो हिने. मी त्या वेळी भिंतीवर रेघ मारीत होतो.

"विचारले असते तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते. मला काय दिसत नाही? आता आणखी एक पूर आपल्याच्याने काढवणार नाही. पण विचारायला हवे होते."

यावर द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. 'चुकले' एवढा एकच शब्द होता, पण तो उच्चारायची मला सवय नव्हती. संगमेश्वराच्या साक्षीने तो कसाबसा उच्चारला. मग थोड्या वेळाने विचारले, "घराचे काय करायचे? गिऱ्हाईक वाट पाहते आहे."

ही म्हणाली, "तुळस कोणाकडे द्यायची ते अजून ठरलेले नाही, आणि तुम्ही घर द्यायला निघालात! एक वर्ष राहू द्या. किल्ली काकूंकडे ठेवू. पुढचे पुढे."

मी गिऱ्हाइकाला तिथूनच फोन केला. व्यवहार म्हणून पाहिले तर ही चूक असेल. पुराच्या पट्ट्यातल्या घराला गिऱ्हाईक रोज येत नाही. पण परतीच्या रिक्षात ही दोन दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलू लागली, आणि ते थेट घर येईपर्यंत बोलत होती.

रात्री आमच्या घरात चूल नव्हती आणि भांडीही नव्हती. शेजाऱ्यांना ते ठाऊक होते. फक्त त्यांनी आपसांत ठरवले नव्हते. आठ वाजता काकूंकडून पिठले-भाकरी आली. सव्वाआठला समोरच्या वहिनींकडून पिठले-भाकरी आली. साडेआठला मागच्या आळीतून एक पातेले आले. उघडून पाहिले, तर पिठले! मग सगळ्यांनाच बोलावून घेतले. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. त्या तीन निळ्या रेघांखाली वर्तमानपत्रे पसरून चौदा माणसे जेवली. माझ्या यादीत हे कलम नव्हते आणि मजा झाली ती हीच.

सोमवारी निघताना काकूंनी दोघांच्या हातावर दही घातले. तुळशीचे वृंदावन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते. कुलूप लावून मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "काकू, येतो." ही माझ्याकडे पाहून हसली. या खेपेला कोपर लागले नाही.

आता बंगळुरात चौथ्या मजल्यावर बसून हे लिहितो आहे. इथे नदी नाही, म्हणून पुराची भीती नाही, असे मुलगा म्हणतो. पावसाळाभर ही रोज सकाळी काकूंना फोन करून आधी आयर्विन पुलाची पातळी विचारी आणि मग तुळशीची खुशाली. मी मात्र एक सवय लावून घेतली आहे. हरेक गोष्ट हिला विचारून करतो. भाजी कोणती आणू, पंखा लावू का, खिडकी उघडू का. परवा ही वैतागून म्हणाली, "अहो, सगळेच काय विचारता? थोडे आपल्या डोक्यानेही करा की!"

त्याप्रमाणे एक गोष्ट मी माझ्या डोक्याने केली आहे. थंडीत कृष्णाकाठची वांगी खायला म्हणून मिरजेपर्यंतची दोन तिकिटे काढून ठेवली आहेत. हिला अजून विचारलेले नाही. पण या बाबतीत ती रागावेल, असे मला वाटत नाही.