शौक सेटचा की गाण्याचा?

'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपल्याकडे जुना आहे. फाळणीत घरदार गमावलेल्या माणसांची छावणी होती ती. १९४९मध्ये तिचे नाव उल्हासनगर झाले. हाताशी असेल त्यातून वस्तू बनवून लोक इथे उभे राहिले. पण विनोद करणारा वस्तू चालते का, हे विचारत नाही. तो फक्त शिक्का बघतो. घरात गाणी ऐकण्याचा शौक असलेल्या आपल्या मंडळींनाही हीच खोड लागली आहे.

स्थानिक कारागिराने जोडून दिलेला अॅम्प्लिफायर आणि जुन्या स्पीकरची जोडी वर्षानुवर्षे बिनतक्रार वाजत असते. मग कोणी तरी म्हणतो, 'अजून हाच वापरता?' त्या दिवसापासून सेटमध्ये खोट दिसू लागते. हप्त्यावर नवा अॅम्प्लिफायर येतो. तो आला की स्पीकर कमी वाटतात, स्पीकर बदलले की वायर. गाणे मात्र तेच असते, आणि तेही पूर्ण ऐकले जात नाही. कान खोट शोधण्यात गुंतलेले असतात.

जरा आपले घर बघू. बदलापूर-अंबरनाथच्या इमारतीतला हॉल बहुधा १० बाय १२ फुटांचा. २० हर्ट्झच्या खर्ज सुराची एक लाट सुमारे ५६ फूट लांब असते. १२ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचे सूर विनाकारण फुगतात. महागडा सबवूफर आणला तरी भिंत सरकत नाही. कोपऱ्यातला स्पीकर हातभर पुढे ओढा, उघड्या भिंतीवर जाड पडदा लावा. फरक तुम्हाला तिथेच कळेल, आणि खर्च पडद्याचा.

वॉटचेही तसेच. वॉट दुप्पट केले की वाढ होते फक्त ३ डेसिबलची. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. ती वापरायची तरी कुठे? निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. शिवाय भिंतीपलीकडे एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. त्याच्या झोपेचा हक्क आपल्या शौकापेक्षा मोठा आहे.

यावर कोणी म्हणेल, चांगल्याची ओढ असू नये का? जरूर असावी. स्पीकरचा कोन फाटला असेल, एक बाजू बंद पडली असेल, तर दुरुस्त करा, परवडत नसेल तर थांबा, परवडत असेल तर बदला. ती गरज आहे. पण दुसऱ्याचा सेट पाहून आपल्या सेटवरचे मन उडणे, ही गरज नव्हे. त्या हप्त्यांत घरातल्या इतरांचाही वाटा असतो, आणि त्यांना सहसा कोणी विचारलेले नसते.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७मध्ये गेले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ७८च्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची आहे, खरखर भरपूर. लाखाचा सेट ती खरखर अधिक स्पष्ट ऐकवेल, एवढेच. सूर मात्र साध्या स्पीकरवरही काळजाला भिडतो.

आपल्या घरांत 'कनाअत' हा शब्द अजून ऐकू येतो. तो अनेकदा गरिबाला गप्प बसवण्यासाठी वापरला गेला, हेही खरे. पण आहे त्याचा पुरेपूर उपयोग करणे, हा त्याचा अर्थ मला पटतो. सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलमध्ये उभे राहून आलेल्या माणसाला रात्री जेमतेम अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास नव्या मॉडेलच्या किमती चाळण्यात घालवायचा, की दिवा मंद करून एक राग ऐकण्यात? ज्याला दुसरे जमले, त्याचा सेट पुरेसा आहे, मग त्यावर शिक्का कोणाचाही असो.