खेळ रुग्णसुरक्षेचा, प्रश्न मनुष्यबळाचा

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी १३ कोविड रुग्णांचा बळी गेला. दोनच दिवस आधी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण दगावले होते. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० अर्भके गेली होती. मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशा झाल्या. उद्याच्या डॉक्टरांना यातून काय शिकवायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेळांतून रुग्णसुरक्षा शिकवावी, असा एक विचार अलीकडे पुढे आला आहे. रुग्णांच्या जिवाशी खेळ कसला, असे कोणी म्हणेल. पण कल्पना साधी आहे. एका रिकाम्या खोलीत खाट मांडायची आणि चुका पेरून ठेवायच्या: खाटेचा कठडा खाली, मनगटावरच्या पट्टीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव, शेजारी शेजारी ठेवलेल्या सारख्याच दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या, दारापुढे उभी केलेली ट्रॉली. विद्यार्थ्यांच्या तुकडीने ठरलेल्या वेळात त्या हुडकायच्या आणि मग चर्चा करायची. येथे चूक नजरेतून सुटली तरी कोणाचा जीव जात नाही. याहून मोलाची गोष्ट ही, की 'सर, थांबा' हे शब्द उच्चारण्याचा सराव या खेळात होतो. आपल्या रुग्णालयांतील उतरंड अशी, की कनिष्ठाला चूक दिसते, पण जीभ उचलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकीय महाविद्यालयांसाठी रुग्णसुरक्षेचा अभ्यासक्रम २००९ सालीच सिद्ध केला होता. तेव्हा ज्ञानाचा तुटवडा नाही. परंतु हा खेळ केवळ भावी डॉक्टरांपुरता राहिला तर तो अर्धाच. वॉर्डात रात्रभर जागतात त्या परिचारिका, आया आणि कंत्राटी वॉर्डबॉय; त्यांना त्याच खोलीत, बरोबरीच्या नात्याने बसवले पाहिजे.

शिवाय एका परिचारिकेवर दोघींच्या वाट्याचे रुग्ण सोपवायचे आणि चूक झाली की तिलाच निलंबित करायचे, हा डाव कोणत्याही खेळाने सुधारणार नाही. वसई-विरार महापालिकेने आपल्या रुग्णालयांत असा सराव सुरू करावाच. त्याबरोबर शहरातील प्रत्येक रुग्णालयाचा अग्निसुरक्षा तपासणी अहवाल आणि प्रत्येक पाळीतील परिचारिकांची संख्या दर्शनी फलकावर लावण्याची सक्तीही करावी. कार्यकर्त्यांनी या मागणीसाठी प्रभागाप्रभागांतून सह्या गोळा कराव्यात.