दुर्बीण बंदुकीवर नको, गळ्यात पाहिजे



परवा जागलीवर पुतण्या मोबाईल घेऊन आला. अमेरिकेतला एक शेतकरी रात्री कोयोटी मारतो, त्याचा व्हिडिओ होता. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या भावकीतलं जनावर. तिकडच्या बऱ्याच राज्यांत ते वर्षभर मारायची मुभा आहे. रायफलीवर दुर्बीण बसवलेली, त्यात जनावर पांढरं फटक दिसतं, खट् आवाज झाला की आडवं. पुतण्या म्हणे, "काका, आपण बी असं स्कोप घेऊ ना. एअरगनवर बसवतो. ऑनलाईन भेटते. डुकरायचा बंदोबस्तच करून टाकतो."

त्याचा राग खोटा नाही. आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारात यंदाही मक्यात डुकरं शिरली, उभी धांडं आडवी केली. हरभरा फुलावर आला की रोह्यांचा कळप रात्रीतून येतो आणि सकाळी शेंडे गायब. बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं करून पीक घरी यायच्या टायमाला जनावरानं नेलं तर माणसाचं डोकं फिरतंच. माझंही फिरतं. म्हणून पुतण्याला मी रागावलो नाही. पण स्कोप घेऊ दिलं नाही, आणि त्याचं कारण इथं लिहितो, कारण हा व्हिडिओ तुमच्याही पोरांच्या मोबाईलवर आला असेल.

आधी कायद्याचं सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. व्हिडिओतल्या त्या रायफलीचा पीक संरक्षणात विषयच नाही. दुसरा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. जखमी करणं, फासे लावणं, विष घालणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं ही सुद्धा शिकारच. म्हणजे एअरगनचा छर्रा डुकराच्या कातड्यावर लागून डुक्कर पळून गेलं तरी गुन्हा झालाच. वरून जखमी डुक्कर सकाळी निंदणाऱ्या बायांवर धावलं तर त्याचं काय?

कोल्ह्याचं तर आणखी वेगळं. तो मक्याचं कणीस खातो, टरबूज फोडतो, बोरं खातो, हे खरं. पण उंदीर, घुशी, मेलेलं ढोर हेही तोच खातो. कापूस-सोयाबीनवाल्याचं कोल्हा काय नुकसान करतो? माझ्या हिशोबात तो बिनपगारी सालदार आहे. अमेरिकेतला राग आपल्या कोल्ह्यावर काढायचं काही कारण नाही.

पण कायदा बाजूला ठेवा. समजा उद्या परवाना मिळाला, पैसेही आहेत. तरी मी म्हणतो, बंदुकीवरचं स्कोप जागलीवाल्यानं घेऊ नये. त्यातून बघायचं म्हटलं की बंदुकीची नळी त्या वस्तूकडे करावीच लागते. म्हणजे तिकडं काय आहे हे कळायच्या आधीच आपण त्याच्यावर नेम धरलेला असतो. बोट तिथंच, राग तिथंच, अंधार तिथंच. अनुभवी शिकारी सुद्धा बघायला गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवतात आणि जनावर ओळखलं की मगच बंदूक उचलतात. व्हिडिओत हे दाखवत नाहीत.

आता माझी चूक सांगतो. ही लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

दोन वर्षांमागं, पौषातली रात्र. लाईन रात्रीची होती. माझ्या हरभऱ्याला लागून शेजाऱ्याची तूर, डोक्याइतकी. मी धुऱ्यावर गोफण घेऊन बसलो होतो. बारा-साडेबाराला तुरीत खसखस झाली. बॅटरी मारली. काळं, वाकलेलं काहीतरी हलत होतं. डोळे चमकले नाहीत. रोही असता, कुत्रं असतं, ढोर असतं तर डोळे चमकले असते. मी मनात पक्कं केलं, डुक्करच. गोफण फिरवली आणि सोडला गोटा.

"अयो मायवं" असा आवाज आला.

शेजाऱ्याचा बटईदार होता. थंडीनं काळी घोंगडी डोक्यावरून घेतलेली, वाकून स्प्रिंकलरचं नोझल साफ करत होता. मोबाईलची चार्जिंग संपलेली म्हणून उजेड नव्हता. गोटा खांद्याला लागला. आठ दिवस हात वर झाला नाही. दवाखाना मी केला, त्याच्या वाटणीचं पाणी चार रात्री मी फिरवलं. सकाळी माझ्या घरी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "भाऊ, आवाज तं द्यायचा."

पुतण्याला हे सांगितलं आणि विचारलं, त्या रात्री माझ्या हाती गोफणीच्या जागी तुझं ते स्कोपवालं असतं तर? तो गप्प झाला.

मागाहून एका पशुवैद्यक डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावली, ती प्रत्येक जागलीवाल्यानं लक्षात ठेवावी. गाय, रोही, हरीण, कुत्रा, कोल्हा, मांजर, बिबट्या यांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याशी आरशासारखा एक थर असतो. बॅटरीचा उजेड त्यावरून परत येतो, म्हणून डोळे चमकतात. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. आणि माणसाच्याही डोळ्यात नसतो. म्हणजे रात्री उजेडात न चमकणारी, काळी, वाकलेली आकृती डुकराची असू शकते तशी ओल्याचा माणूसही असू शकतो. ज्या खुणेवरून मी डुक्कर ठरवलं, ती खूण माणसाची पण होती.

पुतण्या म्हणे, मग थर्मलवालं घेऊ, त्यात गरमी दिसते. बरोबर आहे, थर्मलमध्ये अंगाची उष्णता दिसते, अंधाराची अडचण नाही. पण त्याची किंमत लाखाच्या घरात जाते, आणि दाट मक्यातून, तुरीतून ते आरपार पाहत नाही. पानाआडून उष्णतेचे तुकडे-तुकडे दिसतात. उकिडवा बसलेला माणूस आणि उभं डुक्कर, दोघंही पांढरे गोळे. गरम आहे एवढं ते सांगतं. कोण आहे ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

मग घ्यायचं काय? मी साधी, दोन डोळ्यांची, गळ्यात अडकवायची दुर्बीण घेतली. ती घेताना जे शिकलो ते सांगतो. हेच गणित स्कोपलाही लागू आहे.

दुर्बिणीवर ७×५०, ८×४२, १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ७×५० चं उत्तर साधारण ७ येतं, ८×४२ चं सव्वापाच, १०×५० चं ५. हा आकडा म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी. अंधारात तरण्या पोराची बाहुली ७ मिलीमीटरच्या आसपास उघडते, माझ्यासारख्या पन्नाशीतल्याची साधारण ५. म्हणून रात्रीसाठी भागाकार ५ च्या खाली नसावा. व्हिडिओत दाखवतात ते ३-९×४० चं स्कोप ९ पटीवर नेलं तर भागाकार साडेचारच्याही आत येतो, म्हणजे रात्री उलट काळोख वाढतो. कोयोटी मारणारे जाणकार म्हणूनच जवळच्या, हलत्या जनावराला कमी पट ठेवतात.

दुसरं, जास्त पटीच्या मागं लागू नका. १० च्या वर गेलं की हातात चित्र थरथरतं, स्टँड लागतो. आणि पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. एका रोह्याचा कान दिसतो, कळप सुटतो.

तिसरं, जत्रेत आणि ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणींवर ३०×६० असे आकडे टाकलेले असतात. तपासायची सोपी रीत आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळा लावायच्या भिंगात एक उजळ ठिपका दिसेल. तो गोल असावा, आणि त्याची रुंदी आपल्या भागाकाराइतकी असावी. ७×५० म्हणतात आणि ठिपका हरभऱ्याच्या दाण्याच्या निम्मा दिसतो, तर आकडा खोटा. लालभडक काचेच्या दुर्बिणीला भुलू नका, अंधारात ती काच उजेड अडवते. आणि दुकानात भर दुपारी पाहून घेऊ नका, दुपारी सगळ्याच चांगल्या दिसतात. दिवेलागणीला लांबच्या पाटीवरचं अक्षर वाचून बघा.

बॅटरी घेताना सुद्धा लांब टोकदार झोताचीच घेऊ नका. टोकदार झोतात एक ठिपका उजळतो, आजूबाजूला काय आहे ते कळत नाही. रुंद झोत असला की अख्खी आकृती दिसते, पाय दिसतात, चाल दिसते. एकानं बॅटरी धरायची, दुसऱ्यानं दुर्बिणीतून पाहायचं. चांदणं असेल तर बॅटरीही लागत नाही.

आता कोणी म्हणेल, बघून पोट भरते का? जनावर तर पिकातच उभं आहे. खरं आहे. पण ओळखल्यावर काय करायचं ते बदलतं. रोही असेल तर एका बाजूनं हुसकता येतो. डुक्कर असेल तर आपण धुऱ्याच्या वर राहायचं, त्याची पळायची वाट अडवायची नाही. लेकुरवाळी डुकरीण असेल तर जवळ जायचंच नाही. माणूस असेल तर राम राम घालायचा.

आणि वाघ असेल तर? हसू नका. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाची शिवारं तुडवत हजार किलोमीटरच्या वर चालून आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. ही वाट बरीचशी शेतातून होती. त्या सहा महिन्यांत किती जागलीवाल्यांनी खसखस ऐकली असेल, आणि किती जणांना वाटलं असेल की डुक्कर आहे? आवाजावर छर्रा मारणाऱ्यानं त्या रात्री काय केलं असतं याचा विचार करा.

काही ठिकाणी लोक तारेत थेट लाईन सोडतात. त्याबद्दल एवढंच सांगतो, ती तार तर डोळे मिटून मारते. डुक्कर, बैल, मालकाचं पोरगं, तिला सारखंच. सौर कुंपणाचा झटका ठोक्या-ठोक्यानं येतो, जनावर दचकतं आणि मागं फिरतं. गावानं मिळून ते करावं.

डुकरं मारूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पिकाला धोका झालेल्या डुकराची, रोह्याची लेखी परवानगी देता येते, कायद्याच्या कलम ११ मध्ये ते आहे. ती मागावी, वेळेत मिळावी म्हणून गावानं ठराव करून पाठपुरावा करावा. परवानगी मिळाली तर मारणारा सराईत असावा. तो मचाणावरून खाली मारतो, म्हणजे गोळी मातीत जाते. त्याच्या बंदुकीवर स्कोप शोभतं. सपाट जमिनीवर उभं राहून मारलेली बावीस बोअरची बारकी गोळी सुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आमच्या शिवारातून तेवढ्या अंतरात हायवे आहे, चार कोठे आहेत आणि रात्रीच्या लाईनवर ओलणारे दहा माणसं आहेत.

आम्ही धुरेकऱ्यांनी आता चार गोष्टी ठरवल्या आहेत. रात्री वावरात जाणाऱ्यानं ग्रुपवर "मी वावरात आहे" एवढं टाकायचं. काळी घोंगडी वरून घ्यायची नाही, वरचं कापड पांढरं किंवा चमकणाऱ्या पट्टीचं. खसखस झाली की तीनदा "कोण हाय रे" म्हणायचं आणि उत्तराची वाट पाहायची. आणि दिसल्याशिवाय हातातलं काही सोडायचं नाही, गोफणीचा गोटा सुद्धा नाही.

पुतण्यानं स्कोपसाठी जमवलेले पैसे आहेत. त्यातून अजून एक ७×५० घ्यायची म्हणतो, बटईदारासाठी. त्याचा तरणा डोळा आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

तुमच्या गावात जागलीचे असे काही नियम केले असतील तर सांगा. आमच्या यादीत घालू.