सगळं हिरवं म्हणजे सगळं आलबेल?

मेसचा फीडबॅक फॉर्म कधी नीट वाचलाय? बऱ्याच मेसच्या फॉर्मवर तीनच पर्याय असतात: 'उत्तम', 'चांगले' आणि 'समाधानकारक'. आमटीत डाळ शोधावी लागली तरी खूण यापैकीच एकावर करायची. मग वर्षाअखेर तक्ता तयार होतो आणि शंभर टक्के विद्यार्थी निदान 'समाधानी' तरी निघतात! भरणारा खोटं बोललेला नसतो. खरं लिहायला जागाच ठेवलेली नसते.

डाळीपुरतं हे हसण्यावारी नेता येईल. पण याच थाटाचा फॉर्म धरणाच्या भिंतीसाठी वापरला तर? तेव्हा हसू येणार नाही.

आधी विषय थोडक्यात सांगते. हल्ली मोठ्या संस्था आपल्या ताब्यातल्या इमारती, पंप, पूल, टाक्या, कालवे या सगळ्यांची नोंद एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. त्याला असेट मॅनेजमेंट म्हणतात. प्रत्येक असेटला एक नंबर, आणि त्या नंबराला जोडलेली पर्यावरणीय धोक्याची एक प्रश्नावली. इथे पूर येऊ शकतो का? तेल सांडलं तर जमिनीत मुरेल का? जवळ वस्ती, विहीर, जंगल आहे का? प्रत्येक उत्तराला गुण. 'घडण्याची शक्यता' गुणिले 'घडल्यास होणारं नुकसान' असा हिशोब करून सॉफ्टवेअर शेवटी एक रंग दाखवतं: हिरवा, पिवळा किंवा लाल. साहेब बहुतेक वेळा फक्त रंग बघतात. पण प्रश्न कोणते, पर्याय किती, कशाला किती वजन, हे सॉफ्टवेअर आपल्या मनानं ठरवत नाही. ते कुणीतरी बसून सेट करतं. कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनो, हे 'कुणीतरी' उद्या आपल्यातलंच असणार आहे. आपण त्याला कंटाळवाणं कॉन्फिगरेशन म्हणू आणि शुक्रवारी संध्याकाळी उरकून टाकू. माझं म्हणणं एवढंच की इंजिनिअरिंगचा खरा निर्णय तिथेच होतो.

धरणांच्या बाबतीत ही पद्धत आपल्याकडे आलेलीच आहे. केंद्रीय जल आयोगानं २०१८ साली 'धर्मा' नावाची प्रणाली सुरू केली. (पूर्ण नाव डॅम हेल्थ अँड रिहॅबिलिटेशन मॉनिटरिंग अॅप्लिकेशन. व्हायव्हात विचारलं तर उपयोगी पडेल!) देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. त्यात २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी बंधनकारक केली. म्हणजे फॉर्म भरले जाणार, रंग दिसणार. चांगलीच गोष्ट आहे. पण फॉर्म असणं आणि धोका दिसणं यात अंतर आहे.

तिवरे आठवतंय ना? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं हे मातीचं धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं आणि राज्यभर त्याची टर उडाली. मला मात्र त्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. मातीच्या भरावात प्राण्यांची बिळं शोधणं हा पाहणीचा अगदी प्राथमिक मुद्दा आहे. म्हणजे खेकड्याला दोष द्यायचा तरी आधी हे सांगावं लागतं, की बिळं कुणी पाहिली, कधी पाहिली आणि ती नोंद पुढे कुणाच्या टेबलावर गेली?

आता माझ्या गावाकडे या. मी कर्जतची. लोकलवालं कर्जत नव्हे हो! हॉस्टेलवर आल्यापासून हे शंभर वेळा सांगून झालंय. ते रायगडात, आमचं नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये. त्यांच्याकडे पाऊस हजारांत मोजतात, आमच्याकडे शेकड्यांत. समजा पुण्या-मुंबईत बसून कुणी प्रश्नावली सेट केली आणि ठिकाणाच्या यादीतून भलतंच 'कर्जत' निवडलं, तर? पावसाचे गुण कोकणाचे आणि तलाव दुष्काळी तालुक्यातला! पण नाव बरोबर निवडलं तरी प्रश्न संपत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर दुष्काळी भागात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. माझ्या आजीनंही अशा कामावर मातीच्या पाट्या वाहिल्यात. अशा तलावाला मोठ्या धरणाची छापील प्रश्नावली जशीच्या तशी लावून बघा, काय गंमत होते ती.

पहिला प्रश्न, 'पाणी झिरपतं का?' अहो, झिरपणं हेच पाझर तलावाचं काम! तळातून पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना उतरावं म्हणून तर तो बांधला. तेच पाणी भरावातून वाट काढायला लागलं, की मात्र धोका. आणि पायथ्याशी पाणी दिसलं तर ते नितळ आहे की गढूळ, हे बघायचं. नितळ पाणी थोडंफार येतच असतं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे, भरावात पोकळी तयार होते आहे. तिथे धावतच जायला हवं. 'होय' आणि 'नाही' या दोन पर्यायांत हा फरक मावतच नाही.

दुसरा प्रश्न, 'पायथ्याशी ओल आहे का?' तलाव वर्षातले कित्येक महिने कोरडा. पाहणीला गेलेला माणूस प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो. सॉफ्टवेअर हिरवं होतं. खरं उत्तर होतं, 'पाणीच नव्हतं, त्यामुळे तपासता आलं नाही.' ते लिहायचं कुठे? आपल्याकडे अशा भरावांच्या गाभ्यात बहुधा काळी माती असते. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की तडकते. म्हणजे दोन-तीन वर्षं कोरड्या राहिलेल्या तलावाच्या फॉर्मवर सगळं हिरवं आणि भरावात भेगा, असं चित्र अगदी शक्य आहे. त्यात भरावावर वेडी बाभूळ माजलेली, मुळं खोल गेलेली, सांडव्यात गाळ आणि झुडपं. मोठा पाऊस आला की पाण्यानं जायचं कुठून? सांडवा बंद असेल तर ते भरावावरूनच जाणार. आणि मातीचा भराव डोक्यावरून वाहणारं पाणी फार वेळ सोसत नाही.

'दुष्काळी तालुक्यात कसला आलाय पूर?' असं म्हणणाऱ्यांना सप्टेंबर २०२५ आठवावा लागेल. आमच्या तालुक्यात निमगाव गांगर्डा इथे सीना नदीवर धरण आहे. त्याच सीनेला तेव्हा असा पूर आला, की खाली सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली. मागच्या दहा वर्षांचा पाऊस बघून 'शक्यता: १' असं सेट करून ठेवलं असतं, तर त्या आकड्याला त्या दिवशी काय अर्थ उरला असता?

आणि नुसत्या २०२१ च्या कायद्यावरही भिस्त ठेवता येत नाही. तो लागू होतो १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना. पाझर तलावांचे बांध बहुतेक त्याहून ठेंगणे. पण खाली वस्ती असेल तर पाणी उंची विचारून येत नाही.

आता गुणांकडे. समजा दहा प्रश्न आहेत. नऊ उत्तरांना १ गुण, म्हणजे धोका नगण्य, आणि एका उत्तराला ५, म्हणजे पायथ्याशी गढूळ पाणी. सरासरी किती? १.४. रंग हिरवा! आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. एम-थ्रीमध्ये २० पडले, तर बाकीच्या विषयांतले ८० दाखवून युनिव्हर्सिटी आपल्याला पास करत नाही. प्रत्येक विषयाचं वेगळं पासिंग असतं. जो नियम आपल्याला, तो भरावाला का नको? एक जीवघेणं उत्तर आलं की बाकीचे गुण कितीही चांगले असोत, रंग लालच झाला पाहिजे.

भाषेचंही असंच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'सीपेज', 'इरोजन', 'पायपिंग' हे शब्द मला पुस्तकातून मिळाले. पण तलावावर जाऊन फॉर्म भरणारा माणूस 'झिरपा', 'धूप', 'भगदाड', 'घळ' असे शब्द वापरतो, आणि त्या शब्दांनी त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. त्याच्या मोबाईलवर इंग्रजी प्रश्न आला की तो अंदाजानं 'ओके' दाबणार. यात त्याचा काय दोष?

पर्यावरणाचा धोका एकाच बाजूनं मोजायचा नसतो, हेही आमच्या तालुक्यात शिकायला मिळतं. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्रफळ फक्त २.१७ चौरस किलोमीटर. काळविटांना हद्दीचा नकाशा कळत नाही. ती चरायला आसपासच्या शेतांत जातात. प्रश्नावलीत 'असेट अभयारण्याच्या हद्दीत आहे का?' असं विचारलं, तर बाहेरच्या कठडा नसलेल्या विहिरीला किंवा तारेच्या कुंपणाला 'नाही' असं उत्तर मिळून शून्य गुण पडतात. 'इथे काळवीट येतात का?' असं विचारलं, तर शेजारचा शेतकरी अर्ध्या मिनिटात उत्तर देईल.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी. एक, प्रत्येक प्रश्नाला 'तपासता आलं नाही' हा पर्याय हवाच, आणि 'लागू नाही' निवडलं तर कारण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकू नये. दोन, आधीपासून 'नाही' निवडून ठेवलेलं नको. कोरा रकाना म्हणजे शून्य धोका, हा हिशोब बंद. तीन, जीव घेऊ शकणारे प्रश्न सरासरीबाहेर ठेवायचे. चार, लाल झालेली नोंद जागेवर न जाता, फोटो न जोडता हिरवी करता येऊ नये, आणि गावातून आलेली तक्रार त्याच नोंदीला जोडलेली दिसावी. तिवऱ्यात गावकरी बोलले होते. त्यांचं बोलणं त्या रंगापर्यंत पोचायला वाट हवी.

यावर कुणी म्हणेल, 'तपासता आलं नाही' याला धोका मानलं तर सगळा स्क्रीन लाल होईल आणि कुणीच लक्ष देणार नाही. मुद्दा बरोबर आहे. म्हणून त्याला वेगळा, करडा रंग द्या आणि मुदत द्या. मुदतीत कुणी गेलं नाही तर आपोआप लाल. आणखी एक आक्षेप, की फॉर्म लांबेल. मला वाटतं उलट होईल. पाझर तलावाला न लागणारे प्रश्न काढून टाकले तर साठाचे पंधरा उरतील. पंधरा प्रश्न माणूस उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून भरतो. साठ प्रश्न तो जीपमध्ये बसून भरतो. जर्नल कॉपी करण्यात हयात घालवलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायची गरज नाही!

प्रोजेक्टचे विषय द्यायची वेळ येतेच आहे. अटेंडन्स सिस्टीम आणि लायब्ररी सिस्टीम पुष्कळ झाल्या. सिव्हिलचे दोघे, कॉम्प्युटरचे दोघे असा एक ग्रुप करा आणि आपापल्या गावाजवळचा एक तलाव निवडा. एप्रिलमध्ये, तो कोरडा असताना, भरावावरून चालत जा. भेगा मोजा, सांडवा बघा, शेजारच्या विहिरीवरच्या माणसाशी बोला. मग त्या एका तलावासाठी पंधरा प्रश्न मराठीत लिहा आणि सॉफ्टवेअरमध्ये बसवा. ऑगस्टमध्ये, पाणी आल्यावर, तोच फॉर्म पुन्हा भरा. दोन्ही वेळा एकच रंग आला, तर प्रश्न बदला. कर्जतला यायचं असेल तर मला सांगा. फक्त लोकलचं तिकीट काढू नका.