लॉकरातला तन्मणी

३५ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच लॉकरच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली. त्यामुळे आता जे म्हणणार आहे ते माझ्या तोंडी शोभत नाही, पण म्हणतोच. आपल्या घरोघरच्या आजीच्या मोत्या-पोवळ्यांचं जेवढं नुकसान चोरांनी केलं नसेल, तेवढं आपण ते लॉकरात ठेवून आणि विसरून केलं आहे.

आमच्या घरचंच सांगतो. बडोद्याला मोत्यांचं वेड जुनं. खंडेराव महाराजांनी मोत्यांची अख्खी चादर करवून घेतली, तिथं आमच्यासारख्या साध्या नोकरदार घरातही एखादा तन्मणी असायचाच. १९९६ साली आई गेली आणि तन्मण्यावरून ताई आणि वहिनीत बिनसलं. ताई म्हणे, आईनं मला कबूल केला होता. वहिनी म्हणे, सासूबाईंच्या सासूबाईंचा दागिना, घराण्यातच राहायला हवा. मी धाकटा, त्यात बँकवाला. तोडगा काढला : वाद मिटेपर्यंत लॉकरात. प्लास्टिकच्या पिशवीत घातला, दमट हवेनं खराब होऊ नये म्हणून ओल शोषणारी पुडीही टाकली, पिशवी लाखेनं बंद केली. फार शहाणपणा केला असं वाटलं होतं.

पिशवी उघडली २०१७ साली, ताईच्या नातीच्या लग्नासाठी. दादा तोवर गेला होता. ताई, वहिनी आणि मी स्ट्राँगरूममध्ये उभे. मोती पिवळट, मेणासारखे निस्तेज. ताईनं उचलला आणि रेशमाचा दोरा हातातच तुटला. मोती फरशीवर सगळीकडे. तीन म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसून वेचत होतो. "वन्सं, तुमच्या पायाशी एक आहे बघा," वहिनी म्हणाली. २१ वर्षांत दोघींमधलं ते पहिलं सरळ वाक्य.

पुढचा अपराध माझा एकट्याचा. खोडावरचे कुंदनाचे खडे मळलेले दिसले म्हणून घरी येऊन टूथपेस्ट आणि गरम पाण्यानं घासले. सकाळी बघतो तर दोन खडे काळवंडलेले. घडियाळी पोळात नेलं तेव्हा सोनारानं समजावलं की कुंदनात खड्यामागे चकाकीसाठी पातळ वर्ख असतो, आत लाख भरलेली असते. पाणी आत शिरलं की वर्ख काळा पडतो. मोत्यांकडे बघून म्हणाला, "काका, मोती तो पहेरवा माटे छे, राखवा माटे नथी."

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. मोती हा खाणीतला दगड नाही. शिंपल्यातल्या जिवानं थरावर थर चढवून तो केलेला असतो. बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या खडूचाच भाऊबंद, आणि थर धरून ठेवणारा थोडा सेंद्रिय भाग व थोडं पाणी. पार कोरड्या, कोंडलेल्या जागेत हे पाणी जातं, मोती पिवळा पडतो, तडकतो. म्हणजे ओल शोषणारी ती पुडी मीच घातलेलं विष होतं. शिवाय आईनं शेवटचा तन्मणी घातला तो मे महिन्यातल्या एका लग्नात. घाम आणि अत्तर पुसल्याशिवाय आम्ही तो तसाच बंद केला. आम्ल मोत्याला खातं. घाम, लिंबू, व्हिनेगर सगळं त्याला वैरी.

म्हणून साधी रीत : पावडर, अत्तर, केसांचा स्प्रे आधी, मोती शेवटी. उतरवल्यावर मऊ ओलसर सुती कापडानं पुसायचे, आडवे ठेवून वाळवायचे, मलमलीत गुंडाळायचे. टांगून ठेवले की दोरा ताणतो. नेहमी घालत असाल तर वर्षा-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावेत, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून. गाठी असत्या तर आमचे सगळे मोती फरशीवर गेले नसते. पोवळ्यालाही हेच नियम.

पाचू दिसतो कणखर, पण त्यात बारीक भेगा असतात आणि बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं. गरम पाणी, वाफ किंवा दुकानातलं कंपनांनी साफ करणारं यंत्र लागलं की तेल निघतं आणि भेगा दिसायला लागतात. दुकानदार "दोन मिनिटांत चकाचक करतो" म्हणाला तरी पाचू आणि मोती देऊ नका. हिरा, आणि काही भरण न केलेलं माणिक-नीलम यांना कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश चालतो. मात्र हिरा वेगळ्या डबीत ठेवा. काठिण्याच्या मापावर हिरा १०, माणिक ९, मोती जेमतेम अडीच ते साडेचार. एका डबीत सगळे म्हणजे मोत्यांवर चरे. सोनं रिठ्याच्या पाण्यात उकळायची आपल्या आयांची रीत नुसत्या सोन्यापुरती ठीक, खड्यांच्या दागिन्याला नको.

आता बँकवाला म्हणून एक हिशेब. लॉकरात काय ठेवलंय हे बँकेला माहीत नसतं. नव्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. मोती पिवळा पडला तर शून्य. कॉमर्सला आम्ही यंत्रांचा घसारा शिकलो, यंत्र वापरलं की झिजतं. मोत्याचा घसारा मात्र पडून राहिल्यानंही चढतो.

सोनं, हिरे लॉकरात खुशाल ठेवा. मोती, पोवळी वर्षातून निदान दोनदा बाहेर काढा, सणाला घाला. आणि कोणाला काय द्यायचं ते हयातीतच, सगळ्यांसमोर सांगून टाका. दागिना लॉकरात जातो तो बरेचदा चोराच्या भीतीनं नाही, घरातल्या न मिटलेल्या बोलण्यामुळे जातो.

आमचा तन्मणी आता एक सर कमी करून गाठवलाय. पिवळेपणा गेला नाही, तो जातही नाही. दिवाळी ते दिवाळी एकेका घरी असतो. यंदा वहिनीकडे आहे. परवा ताईनं तिला फोन करून विचारलं, "पुसून ठेवलास ना गं?"

तुमच्या लॉकरातही अशी एखादी पिशवी असेल. रविवारी बँक बंद असते. सोमवारी जा.