प्रोग्राम चालत नाही? आधी एरर वाचा!

पुण्यात नोकरी करणाऱ्या वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, सुट्टीच्या दिवशी गावाकडून एक फोन ठरलेला असतो. रिसोड असो, मालेगाव असो की कारंजा, पहिलं वाक्य एकच: "दादा, प्रोग्राम चालूनच नाही राह्यला!" एरर काय आली विचारलं, तर "इंग्रजीत काहीतरी आलं होतं." मग आपला तोडगाही ठरलेला. काढून परत इन्स्टॉल कर, नाहीतर सरळ फॉरमॅट मार.

माझं स्पष्ट मत आहे, हा तोडगा म्हणजे ताप कशाचा ते न बघता इंजेक्शन देणं!

कमांड लाइनवर प्रोग्राम सुरूच न होण्याची कारणं मोजकी असतात, आणि बहुतेक वेळा एररच ती सांगते. विंडोज म्हणतं, 'नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड'. म्हणजे काय? तर चालू फोल्डर आणि पाथमधली सगळी फोल्डरं धुंडाळली, त्या नावाचं काही सापडलं नाही. प्रोग्राम मशीनवर असेलही, पण त्याचा पत्ता पाथमध्ये नाही. लिनक्सचं शेल तर आकड्यात सांगतं. १२७ म्हणजे सापडला नाही. १२६ म्हणजे सापडला, पण चालवता येत नाही. बहुधा परवानगी नाही. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं.

तिसरा आजार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, टर्बो सी! ती निळी स्क्रीन डॉसच्या जमान्यातली, १६ बिटची. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. शंभर वेळा फॉरमॅट मारा, फरक शून्य. डॉसबॉक्समध्ये चालेल, पण त्यापेक्षा फुकटातलं जीसीसी घ्या. लिनक्सवर ते 'कोनिओ डॉट एच' सापडत नाही म्हणून ओरडेल. ओरडू द्या. ती फाइल सीच्या प्रमाणित लायब्ररीत कधी नव्हतीच, हेही त्या निमित्ताने कळेल.

काही जण म्हणतील, मराठी मीडियमच्या पोरांना इंग्रजी एरर कशा झेपणार? अहो, रोजच्या एररमधले शब्द असून असून किती? फाउंड, डिनाइड, डिरेक्टरी, परमिशन, व्हर्जन... चार दिवसांत पाठ होतात. न झेपणारी गोष्ट वेगळीच आहे. कारण न कळता प्रोग्राम अडत राहिला की पोरगं स्वतःलाच म्हणतं, "हे आपलं काम नव्हे." पुण्यातल्या पोराला विचारायला शेजारी कोणीतरी असतं. मानोऱ्याच्या पोराजवळ फक्त ती एरर असते. तीच वाचायला शिकवली नाही, तर उरलं काय?

म्हणून माझी साधी मागणी आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चालणारा प्रोग्राम लिहायला सांगता, तसा एक न चालणारा हातात द्या, आणि का चालत नाही ते मराठीत लिहायला सांगा. पाठांतर करणारे अडकतील. नोकरीत ज्यांच्यावाचून काम अडतं, ते सापडतील.