क्रूझचे हप्ते आणि एसटीचे भाडे

मोठ्या वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्या चाळल्या तर वाटावे, या देशात मंदी नाही, महागाई नाही आणि बेकारी तर नाहीच नाही. पानभर निळा समुद्र, त्यावर पांढरीशुभ्र बहुमजली बोट, डेकवर हसणारे चौकोनी कुटुंब आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: आधी फिरा, पैसे नंतर भरा. इंधन महागले, नोकरभरती थंडावली, शेतमालाचे भाव पडले, तरी क्रूझची सहल कशी परवडवून घ्यावी याचे सल्ले छापून येत असतात. आगाऊ नोंदणी करा, खिडकी नसलेली खोली घ्या, क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घ्या. ज्यांच्यासाठी हे सल्ले आहेत त्यांना ते लखलाभ असोत. आमचा सवाल वेगळा आहे. याच महागाईत खामगावच्या माणसाला साधा प्रवास परवडतो काय, याचा सल्ला कोणी छापला आहे काय?

खामगाव हे एके काळी कापसाच्या बाजारपेठेसाठी साऱ्या वऱ्हाडात नावाजलेले गाव. इथला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जावा म्हणून इंग्रजांनी १८७० साली जलंब ते खामगाव असा बारा-तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा टाकला. कापसाच्या गाठींसाठी रेल्वे आली. ज्यांनी तो कापूस वेचला, ज्यांनी त्या गाठी पाठीवर वाहिल्या, त्यांच्यासाठी मात्र रेल्वे पुढे सरकली नाही. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. पिढ्या गेल्या, निवेदने झाली, सर्वेक्षणे झाली, आंदोलने झाली. त्या मार्गावरून गाडी अजून धावलेली नाही. हा मार्ग झाला तर बुलढाणा जिल्ह्यातील गोरगरिबांची मुले थेट मराठवाड्याशी जोडली जातील. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेले औरंगाबादचे महाविद्यालय, आजचे मिलिंद महाविद्यालय, रेल्वेच्या स्वस्त तिकिटावर गाठता येईल. तोपर्यंत या मुलांचा आधार एकच, एसटी.

त्या एसटीचे भाडे कसे वाढत गेले ते पाहा. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. म्हणजे २०१८ च्या सुरुवातीला ज्या प्रवासाला १०० रुपये पडत होते, त्याला सात वर्षांत ढोबळमानाने १५९ रुपये पडू लागले. आता मजुरी पाहा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०१८-१९ मध्ये २०३ रुपये होता, तो २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये झाला. म्हणजे १०० चे १५४ झाले. मजुरी वाढली असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब करावा. मजुरी धावली, पण भाडे तिच्या पुढे धावले. आणि मजुरी मिळते ती काम निघाले त्या दिवसाची, भाडे मात्र प्रवास केला त्या प्रत्येक दिवसाचे द्यावे लागते.

मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. खेड्यापाड्यातील आमच्या आयाबहिणींना या एका निर्णयाने जो दिलासा मिळाला, तो शंभर भाषणांनी मिळाला नसता. बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास आहे, तोही चांगलाच आहे. पण बारावीनंतर काय? मुलगी महाविद्यालयात गेली की मोफत पास संपतो. सवलतीच्या पासाला मूळ भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो आणि प्रत्येक भाडेवाढीबरोबर तो तिसरा हिस्साही वाढतो. त्या घरातला बाप सालदार किंवा हमाल असेल, तर घरात पहिला प्रश्न निघतो तो मुलीचे शिक्षण थांबवण्याचा. मुलाच्या शिक्षणावर तो सहसा निघत नाही, ही आमच्याही समाजातील लाजिरवाणी गोष्ट आहे.

भाडेवाढीचे कारण म्हणून डिझेलकडे बोट दाखवले जाते. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभर कच्चे तेल कोसळले होते. त्या वेळी केंद्र सरकारने डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले. तेल स्वस्त झाले त्याचा लाभ सरकारच्या तिजोरीत गेला, प्रवाशाच्या खिशात आला नाही. नंतर तेल महागले, तेव्हा त्याचा भार मात्र ऑक्टोबर २०२१ च्या भाडेवाढीतून प्रवाशावर टाकला गेला. त्या भाडेवाढीनंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, केंद्राने डिझेलवरील शुल्क १० रुपयांनी कमी केले. मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपये कमी केले. शुल्क उतरले, पण चढलेले भाडे उतरले नाही. चढताना प्रवाशाच्या खांद्यावर आणि उतरताना त्याच्या दाराला कडी, हा कुठला न्याय? शिवाय सालदाराची मुलगी ज्या एसटीत बसते, त्या एसटीच्या डिझेलवरही केंद्राचे शुल्क आणि राज्याचा कर लागतोच.

रेल्वेची कथा निराळी नाही. ज्येष्ठ पुरुषांना तिकिटात ४० टक्के आणि ज्येष्ठ महिलांना ५० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये कोरोनाचे कारण सांगून बंद केली. कोरोना गेला, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, तरी वर्षामागून वर्षे लोटली आणि सवलत परत आली नाही. आमच्या म्हाताऱ्या उपासक-उपासिकांना सहलीची हौस नसते. आयुष्यात एकदा बुद्धगया पाहावी, सारनाथ पाहावे, धम्मचक्र प्रवर्तन दिनी तीनशे किलोमीटरवरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला पाचशेवर किलोमीटरवरची चैत्यभूमी गाठावी, एवढीच त्यांची आस असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली. तीत ६० वर्षे पूर्ण केलेल्या गरीब ज्येष्ठांसाठी माणशी ३० हजार रुपयांपर्यंतचा खर्च ठरवण्यात आला. त्या योजनेत आपल्या म्हाताऱ्यांचे अर्ज किती गेले, याची चौकशी प्रत्येक विहाराने करायला हवी. आपण अर्जच करायचे नाहीत आणि मग वगळले म्हणून ओरडायचे, हे चालणार नाही.

आता सरकारचा हात कुठे सैल सुटतो ते पाहू. १३ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी वाराणसीहून गंगाविलास या क्रूझला हिरवा झेंडा दाखवला. ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर, आसाममधील दिब्रुगडपर्यंत. भाडे दिवसाला माणशी २५ हजार आणि त्याहून अधिक असल्याचे त्या वेळी छापून आले होते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात देशात क्रूझ चालवणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी सोपी करपद्धत आणली गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत क्रूझ भारत मिशन सुरू झाले, पाच वर्षांत क्रूझचे प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवून. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. पर्यटन वाढावे, त्यातून रोजगार निघावा, याला आमचा विरोध नाही. पण ज्या वाराणसीहून गंगाविलास सुटते, त्याच वाराणसीला उतरून आमचा उपासक सारनाथला जातो. तो जनरल डब्यात, दारापाशी, गाठोड्यावर बसून आलेला असतो. बोटीतल्या प्रवाशाला सोयीसवलती दिल्या की त्याला धोरण म्हणतात. चैत्यभूमीला निघालेल्या मजुरासाठी जादा गाडी मागितली की त्याला लाड म्हणतात. ६ डिसेंबर आला की गर्दी, कचरा आणि विनातिकीट प्रवास यांवर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांनी कधी या दोन हिशेबांची वजाबाकी केली आहे काय?

इथवर आम्ही सरकारला बोललो. आता घरात पाहू. कारण रंगीत जाहिरातीतले ते चौकोनी कुटुंब आता केवळ परक्यांचे राहिलेले नाही. बाबासाहेबांच्या संविधानाने आणि आरक्षणाने आमच्यातही एक नोकरदार वर्ग उभा राहिला. त्यातले काही कुटुंबासह क्रूझवर जाऊन आले आहेत, काही हप्ते पाडून जाण्याच्या बेतात आहेत. त्यांच्यावर दगड मारायला आम्ही बसलेलो नाही. मनुस्मृतीने समुद्रप्रवास करणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीला अपात्र ठरवले होते आणि आम्हाला तर गावच्या पाणवठ्याला शिवण्याचीही बंदी होती. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. ज्यांच्या आजोबांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली, त्यांच्या नातवांनी भर समुद्रात डेकवर उभे राहावे, याचा आम्हाला आनंदच वाटतो. पण त्या डेकवर उभे राहताना आणखी एका समुद्रप्रवासाची आठवण ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बाबासाहेब १९१३ साली बोटीने न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती पाणतीराने बुडाली आणि जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून काटकसरीने राखलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले ५ हजार रुपये एवढीच पुंजी होती. इकडे माता रमाईने काय सोसले ते इथे सांगायला नको. बाबासाहेबांनीही कर्ज काढून समुद्र ओलांडला, पण त्या कर्जाचे व्याज अवघ्या समाजाला मिळाले. आमच्या नोकरदार बांधवांनी मंदीच्या काळात कार्डावर कर्ज काढून समुद्र ओलांडला, तर त्याचे व्याज बँकेला मिळते आणि पुढची दोन वर्षे घरात तंगी येते. नोकरी कंत्राटी असेल तर हप्ता फिटायच्या आधीच नोकरी जाण्याचीही भीती असते. शेजारी गेला म्हणून आपण जायचे, ही प्रतिष्ठेची गुलामी आहे. लग्नातला बडेजाव आणि हप्त्यावरची सहल ही एकाच झाडाची फळे आहेत.

"आमच्या कष्टाच्या पैशाने आम्ही फिरलो तर तुमच्या पोटात का दुखते?" असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर सरळ आहे. फिरा, पण अंथरूण पाहून पाय पसरा आणि समाजाचा हिस्सा बाजूला काढून मग फिरा. धम्मदीक्षेनंतर नागपूरला बाबासाहेबांनी सांगितले होते, की प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा. त्याच वर्षी आग्र्याला त्यांनी शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली होती. विसावा भाग हा काही जिझिया कर नव्हे. चौघांच्या क्रूझच्या सहलीला, जाण्यायेण्याच्या खर्चासह, लाख रुपये लागले असे धरा. त्याचा विसावा भाग होतो ५ हजार रुपये. नवल भथेनांनी दिलेल्या ५ हजारांची किंमत त्या काळी फार मोठी होती, तेवढे कोणी मागत नाही. पण आजचे ५ हजारही एका मुलीच्या कित्येक महिन्यांच्या बसपासाला पुरतात. तुमचे तीन दिवस समुद्रावर जातील, तिचे सारे शिक्षण मार्गी लागेल.

म्हणून आमची सूचना आहे. खामगाव आणि परिसरातील विहारांनी मिळून एक प्रवास निधी उभारावा. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचा पास, स्पर्धा परीक्षेसाठी अमरावती-नागपूरला जाणाऱ्या मुलांचे भाडे, मुलाखतीसाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांचा खर्च त्यातून भागवावा. हिशेब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे कुजबुजीला जागा राहणार नाही. ज्याने वर्षात सहल केली त्याने सहलीच्या खर्चाचा, ज्याने केली नाही त्याने जमेल तेवढ्याचा विसावा भाग द्यावा.

मात्र निधी उभारला म्हणून सरकार सुटले, असे कोणी समजू नये. एसटीच्या डिझेलवरील करात सूट, महाविद्यालयीन मुलींना मोफत पास, ज्येष्ठांची रेल्वे सवलत पूर्ववत आणि खामगाव–जालना रेल्वे, या चार मागण्या घेऊन समाजाने तहसीलवर गेले पाहिजे. कापसाच्या गाठीसाठी दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे आणता येते, तर कापूस वेचणाऱ्याच्या लेकीसाठी आज का आणता येत नाही, हे त्यांना विचारले पाहिजे. क्रूझच्या प्रवाशांसाठी टर्मिनल झाले. खामगावच्या बसस्थानकावर पास हातात धरून उभ्या असलेल्या पोरीसाठी काय झाले, याचे उत्तर सरकारनेही द्यायचे आहे आणि आपणही.

जयभीम!